चमकणं सोपं, ओळखणं अवघड

फ्लुओरेसन्ट सेन्सरवर पीएच.डी. करायची म्हटलं की आपण आधी विचारतो, धातूचा आयन जोडला गेल्यावर कोणता रेणू चमकेल? खरं तर याचं एक उत्तर १८६७ मध्येच मिळालं होतं. मोरिन हे वनस्पतींतलं पिवळं द्रव्य ॲल्युमिनियमशी जोडलं गेलं की जोरात चमकतं, हे गोपेल्सरोडर यांनी तेव्हा दाखवलं. अवघड प्रश्न वेगळाच आहे: गर्दीतून हवा तोच आयन कसा ओळखायचा?

पेशीतलं कॅल्शियम घ्या. शांत पेशीत मुक्त कॅल्शियम असतं साधारण १०० नॅनोमोलर, मॅग्नेशियम मात्र १ मिलिमोलरच्या आसपास. म्हणजे दहा हजार पट! ईजीटीए हा जुना रेणू मॅग्नेशियम सोडून कॅल्शियम धरायचा. पण पेशीच्या पीएचला त्याच्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसलेले असायचे, त्यामुळे पीएच जरा हलला की पकड बदलायची. केंब्रिजमध्ये रॉजर चेन यांनी त्या नायट्रोजनना बेंझिनची कडी जोडली. प्रोटॉनची ओढ कमी झाली, कॅल्शियमची निवड टिकली. १९८० चा हा रेणू म्हणजे बाप्टा. क्विन-२ हा चमकणारा सेन्सर याच पद्धतीने बनला.

आता पुढची अडचण. ऋणभारित रेणू पेशीच्या पटलातून आत जाणार कसा? १९८१ मध्ये चेन यांनी युक्ती सांगितली: ऋणभार एस्टरने झाकायचे. आत गेल्यावर पेशीचीच एन्झाइम्स ते झाकण काढतात आणि रेणू आतच अडकतो.

तरी क्विन-२ मंदच. दिसेल इतका भरला, तर तोच बरंचसं कॅल्शियम धरून बसायचा. म्हणजे मोजणाराच मोजमाप बिघडवणार! १९८५ मध्ये फ्युरा-२ आला, कितीतरी पट तेजस्वी. शिवाय ३४० आणि ३८० नॅनोमीटरने उत्तेजित करून दोन्ही वेळच्या चमकेचं गुणोत्तर घ्यायचं. त्यामुळे रंग कुठे कमी, कुठे जास्त भरला तरी फारसं बिघडत नाही.

बघा, प्रत्येक पाऊल आधीच्या रेणूच्या तक्रारीतून पडलंय. म्हणून नव्या सेन्सरचा पेपर वाचताना क्युव्हेटमधल्या चमकत्या फोटोवर भाळू नका. विचारा: स्पर्धक आयन खऱ्या प्रमाणात होते का? पीएच बदलून पाहिला का? सेन्सर स्वतःच किती आयन धरून ठेवतो? उत्तर सापडलं नाही, तर कदाचित तिथेच तुमचा विषय आहे.