कावळ्याची नोंद कोण करतं?

संशोधनाला सुरुवात करताना एक खोड आपल्या सगळ्यांनाच असते. एखाद्या घटनेचा कागद सापडला नाही की 'तेव्हा तसं काही घडलंच नव्हतं' असं धरून मोकळं व्हायचं. महाराष्ट्रातल्या बर्ड फ्लूच्या इतिहासात ही खोड चांगलीच महागात पडते.

भारतातली पहिली नोंद फेब्रुवारी २००६ ची, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची. कोंबड्या मरत होत्या; आधी मानमोडीचाच संशय होता. भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१ असल्याचं सांगितलं आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. या साथीवर कागद भरपूर मिळतो. का, तर कोंबडीला मालक असतो. तो खबर देतो, भरपाई मागतो, पंचनाम्यावर सही करतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतचा २००९ चा कायदाही खबर देण्याची जबाबदारी टाकतो ती जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर.

कावळा कुणाच्या ताब्यात असतो?

आता आपल्याच छत्रपती संभाजीनगर महसूल विभागातलं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात पन्नासच्या आसपास कावळे मेले. नमुने भोपाळला गेले, बर्ड फ्लू निघाला आणि प्रशासनानं दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर केला. कावळे मारत बसले नाहीत, हे योग्यच. थवा पांगला तर रोग आणखी दूर जातो. पण ही वर्तुळं आखायची पद्धत मुळात कोंबड्यांसाठीची. कावळा तिथे धोक्याची घंटा म्हणून येतो, रोगी म्हणून नाही.

शिवाय हे कावळे भर वस्तीत पडले म्हणून दिसले. २०२१ च्या जानेवारीतही तेच: परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या, मुंबई-दापोलीत कावळे, ठाण्यात बगळे. जायकवाडीच्या फुगवट्यात एखादं बदक मेलं तर कोल्हं किंवा कुत्रं ते रात्रीतच ओढून नेणार, पंचनामा कुठला? म्हणून 'पक्षी कुठे मेले' असा नकाशा काढाल तेव्हा जरा थांबा. तो बऱ्याच अंशी 'माणसांचं लक्ष कुठे होतं' याचा नकाशा असतो.

मग शोधायचं कुठे? पशुसंवर्धन खात्यावर थांबू नका. वन विभाग, नगरपालिकेचा स्वच्छता विभाग, तालुक्याच्या वार्ताहराची चार ओळींची बातमी, पक्षीमित्रांच्या वह्या, सगळं चाळा. आणि हो, २०२३ च्या आधीचे कागद 'औरंगाबाद विभाग' या नावाखालीच मागा.