होस्ट टेबल

होस्ट टेबल : संगणकांची नावे आणि त्यांचे अंकी पत्ते यांची जोडी लावणारी साध्या मजकुराची फाइल. डीएनएस (डोमेन नेम सिस्टिम) रुळण्यापूर्वी आर्पानेट आणि सुरुवातीचे इंटरनेट या फाइलीच्या भरवशावर चालत असे.

आरंभी प्रत्येक केंद्र आपली यादी आपणच ठेवी आणि त्या याद्या एकमेकींशी जुळत नसत. एकच अधिकृत, यंत्राला वाचता येणारी यादी हवी, अशी सूचना पीटर डॉइच यांनी डिसेंबर १९७३ मध्ये आरएफसी ६०६ या तांत्रिक टिपणात केली (अशा क्रमांकित टिपणांतूनच जाळ्याचे नियम मांडले जातात). पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय या संशोधनसंस्थेच्या जाळे माहिती केंद्राने (एनआयसी) ‘होस्ट्स.टीएक्सटी’ ही फाइल ठेवायला घेतली. केंद्राची धुरा एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे होती. नवा संगणक आला की केंद्राला कळवायचे आणि बाकीच्यांनी ताजी प्रत उतरवून घ्यायची.

फाइलीचा ढाचा आरएफसी ८१० (१९८२) आणि आरएफसी ९५२ (ऑक्टोबर १९८५) यांनी बांधून दिला. नोंदी तीन प्रकारच्या : नेट (जाळे), गेटवे (जाळी जोडणारे यंत्र), होस्ट (संगणक). रकान्यांमध्ये अपूर्णविराम, एकाच रकान्यातील पर्यायांमध्ये स्वल्पविराम आणि टिपणाआधी अर्धविराम. केंद्राच्या स्वतःच्या संगणकाची नोंद, नावांचा आणि शेवटचा रकाना आखडून, अशी :

होस्ट : २६.०.०.७३, १०.०.०.५१ : एसआरआय-एनआयसी, एनआयसी : डेक-२०६० : टॉप्स२० : टीसीपी/टेलनेट :

दोन पत्ते, नाव, टोपणनाव, यंत्र, कार्यप्रणाली, सेवा. पलीकडचे यंत्र कोणते आणि ते काय बोलते, हे इतक्या थोड्या जागेत सांगणारा हा ढाचा फार विचारपूर्वक केलेला आहे. नाव २४ अक्षरांपर्यंत, सुरुवात रोमन अक्षराने, शेवटी आडवी रेघ नाही, लहान-मोठ्या लिपीत भेद नाही. यातील पहिल्या अक्षराची अट १९८९ मध्ये आरएफसी ११२३ ने सैल केली, म्हणून आज आकड्याने सुरू होणारी नावे चालतात.

यंत्रे वाढली तशा प्रती शिळ्या पडू लागल्या आणि केंद्रावरचा भार पेलेना. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार वाटून देणारी डीएनएस मांडली.

भारतात अर्नेट या शिक्षण-संशोधन जाळ्याचा प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संगणक-संशोधन संस्था त्याचा मोठा आधार होती. ‘साथी.एनसीएसटी.अर्नेट.इन’ यासारखी तिथली नावे थेट डीएनएसच्या घडणीची, पण त्यांतील अक्षरांची शिस्त मात्र जुन्या टेबलाचीच.

युनिक्सच्या ४.२बीएसडी आवृत्तीतील ‘एचटेबल’ ही आज्ञा ‘होस्ट्स.टीएक्सटी’मधून ‘/ईटीसी/होस्ट्स’ तयार करी. ही धाकटी फाइल आजही बहुतेक संगणकांत आहे. नाशिकला गंगापूर रोडवरील मराठा विद्या प्रसारक समाजाच्या (मविप्र) कर्मवीर बाबुराव ठाकरे अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी लिनक्सचे कोणतेही यंत्र उघडले, तरी ‘१२७.०.०.१ लोकलहोस्ट’ ही ओळ सहसा सापडेल. इथे पत्ता आधी, मग नाव, मध्ये फक्त मोकळी जागा. टिपणाआधी हॅशचे चिन्ह. विंडोजवर नोटपॅडमधून साठवताना नावामागे ‘.टीएक्सटी’ चिकटले, तर यंत्र ती फाइल वाचतच नाही. लिनक्सवर शोधाचा क्रम ठरवणाऱ्या ‘एनएसस्विच.कॉन्फ’मध्ये ‘फाइल्स’ हा शब्द ‘डीएनएस’च्या आधी असेल, तर शोध पहिल्यांदा याच फाइलीत होतो.