‘स्लिम’ : एका व्याधीचा उलगडा

व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम कांठीं, युगांडाच्या राकाई जिल्ह्यांत, १९८२ च्या सुमारास एक नवी व्याधि दिसूं लागली. न थांबणारा अतिसार, ज्वर आणि पाहतां पाहतां अस्थिपंजर होणारा देह! लोक तिला ‘स्लिम’, म्हणजे ‘कृश’, म्हणत. कित्येकांस ती करणी वाटे. १९८५ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत तिचा संबंध एड्सच्या विषाणूशीं जोडला गेला. हा विषाणु आंतड्यांतील रक्षक पेशी नष्ट करितो. मग निरोगी माणसास थोडेच दिवस पीडणारे क्षुद्र जंतूहि तेथें कायमचें ठाणें मांडतात. १९९६ मध्यें रूढ झालेल्या संयुक्त औषधांनीं विषाणु आवरला, शरीराचें बळ परतलें, अतिसार ओसरला. परंतु तीं औषधें राकाईच्या खेड्यांत पोहोंचावयास नवें शतक उजाडावें लागलें. तोंवर कित्येक घरें ओस पडलीं होतीं.