उमेदवारी ते डिग्री : कचेरीचं काम आपल्याला शिकवलं कुणी?

मराठी माणूस बेळगावात असो, इंदूरला असो, बडोद्यात असो की तंजावरला, त्याच्या ओळखीत एखादं तरी कचेरीतलं आडनाव निघतंच. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, दफ्तरदार, मुजुमदार. ही सगळी एके काळची हुद्द्यांची नावं. चिटणीस पत्रं लिहायचा, फडणीस हिशेब बघायचा, पोतनिसाकडे खजिना असायचा, दफ्तरदाराकडे कागद. आज आपण ज्याला ‘ऑफिस जॉब’ म्हणतो, त्याची आपल्याकडे इतकी जुनी परंपरा आहे.

मग मला नेहमी एक प्रश्न पडतो. हे काम शिकवायचं कोण? आणि आज कोण शिकवतं? मी बरीच वर्षं कॉलेजात वाणिज्य शिकवतो आहे. समोर बसलेल्या मुलामुलींपैकी अनेकजण सकाळी माझ्या तासाला असतात आणि संध्याकाळी कुठल्या तरी क्लासला. टॅली, टायपिंग, एक्सेल, इंग्रजी संभाषण. डिग्रीची फी वेगळी, क्लासची वेगळी. एकाच नोकरीसाठी घरातून दोनदा पैसे जातात. ही दुहेरी व्यवस्था आली कुठून, हे आज आपण बघू.

दफ्तरातली उमेदवारी

‘उमेदवार’ म्हटलं की आज आपल्याला निवडणूक आठवते. पण जुन्या मराठीत उमेदवार म्हणजे नोकरीच्या आशेवर कचेरीत बिनपगारी काम करणारा मुलगा. आपण अजूनही म्हणतो, ‘अमक्याच्या हाताखाली उमेदवारी केली.’ हेच तेव्हाचं शिक्षण होतं. मुलगा वडिलांच्या किंवा मामाच्या मागे दफ्तरात जाऊन बसायचा. बोरू घडवायचा, मोडी गिरवायचा, जुन्या पत्रांच्या नकला करायचा. मोडी ही हात फारसा न उचलता झरझर लिहायची लिपी, म्हणजे कचेरीच्या वेगासाठीच तयार झालेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमध्ये बांधलेले जे कागद आज आहेत, ते अशाच हातांनी लिहिलेले. तंजावरच्या मराठी राजांच्या कारभाराचे मोडी कागदही तिकडे जपून ठेवलेले आहेत.

नकला करता करता मुलाला अक्षर वळणदार करायचं कसं हे कळायचंच, पण त्याहून मोठी गोष्ट कळायची. कुणाला कोणता मायना लिहायचा, वसुलीचा तगादा किती कडक शब्दांत लावायचा, कोणता आकडा कोणत्या आकड्याशी जुळला पाहिजे. हात आणि डोकं एकाच ठिकाणी तयार होत होतं. मात्र या पद्धतीत एक मोठी खोट होती. दफ्तराचं दार ठरावीक जातींच्या, ठरावीक घरांच्या मुलांनाच उघडं होतं. ज्याचा मामा दफ्तरात नाही, त्याची उमेदवारीही नाही. आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

विद्यापीठ आलं, हाताचं काम बाहेर राहिलं

1835मध्ये मेकॉलेचं टिपण आलं, 1854मध्ये वुडचा खलिता आला आणि 1857मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं विद्यापीठं सुरू झाली. सरकारला इंग्रजी जाणणारी माणसं हवी होती, त्यांतली पुष्कळशी कचेऱ्यांसाठी. पण गंमत बघा. ज्या कचेऱ्यांसाठी हे पदवीधर तयार होत होते, त्या कचेरीतलं काम विद्यापीठात शिकवलं जात नव्हतं. तिथं साहित्य होतं, तर्कशास्त्र होतं, कायदा होता. जमाखर्च, पत्रव्यवहार, फाइल लावणं हे ज्यानं त्यानं बाहेर शिकून यायचं.

ही पोकळी खासगी वर्गांनी भरली. मुंबईत सोहराब दावर यांनी 1900मध्ये वाणिज्य शिक्षणाची स्वतंत्र संस्था काढली. विद्यापीठाची पदवी देणारं वाणिज्य महाविद्यालय यायला 1913 उजाडलं. ते मुंबईचं सिडनहॅम कॉलेज. 1918 ते 1920 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं अर्थशास्त्र शिकवत होते. ज्या समाजाला दफ्तराचं दार शतकानुशतकं बंद होतं, त्या समाजातला माणूस आता कचेऱ्यांत जाणाऱ्या मुलांना शिकवत होता. उमेदवारीच्या जागी परीक्षा आल्यामुळे हे शक्य झालं. कॉलेजचं हे श्रेय मोठं आहे, ते कमी लेखू नये. पुढे 1941मध्ये माटुंग्याचं पोदार कॉलेज, 1943मध्ये पुण्याचं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय अशी मालिका वाढत गेली.

पण बी.कॉम.मध्येही भर राहिला तो पुस्तकी हिशेबशास्त्रावर, अर्थशास्त्रावर, कायद्यावर. यंत्रावरचं काम हलकं मानलं गेलं. आमच्या बारावी वाणिज्यच्या एका विषयाचं मराठी नाव ‘चिटणिसाची कार्यपद्धती’. नाव थेट दफ्तरातलं. मुलं मात्र पत्राचा नमुना पाठ करतात आणि परीक्षेत हातानं लिहून काढतात.

जिना चढून वर, टायपिंग क्लास

रेमिंग्टन कंपनीनं अमेरिकेत 1870च्या दशकात टाइपरायटर बाजारात आणला. त्याआधीच, 1837मध्ये, इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी ध्वनीवर आधारलेली लघुलिपी प्रसिद्ध केली होती. बारीक रेघ, जाड रेघ, टिंब यांतून बोलणं जसंच्या तसं टिपायचं. ही दोन कौशल्यं एका माणसात आली की तो झाला स्टेनो. साहेब बोलणार, हा टिपणार आणि मग टाइप करणार. विसाव्या शतकात रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, विमा कंपन्या, गिरण्यांची ऑफिसं, सगळीकडे स्टेनोला मागणी होती.

देशभर, गावोगाव टायपिंगचे क्लास निघाले. बाजारपेठेत, दुकानाच्या वर, लाकडी जिना. आत ओळीनं यंत्रं आणि तासाप्रमाणे बॅचेस. पहिले कित्येक दिवस फक्त एक ओळ : ए, एस, डी, एफ. करंगळी दुखायची. यंत्राकडे न बघता, कागदाकडे बघून बोटं चालली पाहिजेत हा नियम. 1955मध्ये गोदरेजनं देशी टाइपरायटर काढला आणि हे यंत्र आणखी पसरलं.

मी या क्लासना फार मानतो, आणि त्याचं कारण सांगतो. तिथं वय विचारत नसत, मार्क विचारत नसत. दहावीला गटांगळी खाल्लेला मुलगा आणि लग्न ठरेपर्यंत ‘काहीतरी शीक’ म्हणून पाठवलेली मुलगी शेजारी शेजारी बसत. परीक्षा सरकारी, वेग मिनिटाला इतके शब्द असा ठरलेला. चुका मोजल्या जात, वशिला चालत नसे. कितीतरी घरांतली पहिली नोकरदार बाई या जिन्यावरून खाली उतरून ऑफिसला गेली आहे.

आणि या कौशल्यानं राजकारणही घडवलं. मद्रास प्रांतात टंकलेखन, लघुलेखनाच्या ‘लोअर’ आणि ‘हायर’ परीक्षांची रुजलेली परंपरा होती, इंग्रजी शाळाही चांगल्या होत्या. तिकडची मुलं ही प्रमाणपत्रं घेऊन मुंबईत आली, माटुंग्यात राहिली आणि फोर्टमधल्या कचेऱ्यांत स्टेनो, टायपिस्ट, मग अधिकारी झाली. 1960मध्ये निघालेल्या ‘मार्मिक’नं कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या आणि 1966मध्ये शिवसेना स्थापन झाली. त्या आंदोलनाबद्दल तुमचं मत काहीही असो. इतिहास म्हणून मला त्यात हे दिसतं की त्या नोकऱ्यांच्या मुळाशी एक प्रमाणपत्र होतं. ते तिथल्या मुलांना सहज मिळत होतं आणि आपल्याकडच्या पदवीधराला कॉलेजनं ते दिलेलं नव्हतं. आज आपल्यातले कितीतरी मराठी लोक बंगळुरू, हैदराबादला नोकरीसाठी गेलेत. तेव्हा या गोष्टीची दुसरी बाजूही आपल्याला कळायला हरकत नाही.

यंत्र बदललं, भीती तीच

मग संगणक आला. 1960च्या दशकात एलआयसीनं संगणक आणायचं ठरवलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. कलकत्त्यात यंत्र आत येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारा दिला. सरकारनं स्वयंचलनाचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. तिचा अहवाल 1972चा. बँकांमध्ये 1983मध्ये व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, 1984मध्ये रंगराजन समितीनं पुढचा रस्ता आखला. जाडजूड लेजरं हळूहळू गेली.

आता हे शिकवणार कोण? पुन्हा तेच झालं. 1981मध्ये एनआयआयटी, 1986मध्ये ॲपटेक. क्लासला आता एसी आला, बूट बाहेर काढायला लागले, फी कित्येक पटींनी वाढली. पण नातं जुनंच : डिग्री कॉलेजात, कौशल्य बाहेर. सरकारलाही हे दिसत होतं. 1990मध्ये ‘ओ लेव्हल’, ‘ए लेव्हल’ असे देशभर मान्य असलेले अभ्यासक्रम आले. 1994च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीतच ऑफिस मॅनेजमेंट, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन असे व्यावसायिक विषय घ्यायची योजना काढली. महाराष्ट्रात 2001मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी तालुक्यातालुक्यांत पोचलं. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं, तेव्हा शेतकऱ्याची मुलगीही माउस धरायला शिकली. 2014 पासून बी.व्होक. ही पदवी आली, 2020च्या शैक्षणिक धोरणानंही कौशल्य पदवीच्या आत आणा असं सांगितलं.

टाइपरायटर मात्र थांबला. महाराष्ट्रात त्यावरची सरकारी परीक्षा 2017च्या सुमारास संपली आणि संगणकावरची आली. वेगाचे आकडे तेच राहिले : मराठी 30, इंग्रजी 40 शब्द. बोटांखालची मांडणीही तीच राहिली, कारण संगणकाचा कळफलक टाइपरायटरवरूनच आलेला आहे.

काय टिकलं?

एवढ्या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. यंत्र दर पिढीला बदललं. बोरू गेला, टाइपरायटर गेला, वर्डस्टार आणि लोटस तर आजच्या मुलांनी ऐकलेलंही नसतं. ज्यांनी फक्त यंत्र शिकलं, ते यंत्राबरोबर मागे पडले. ज्यांनी यंत्राच्या जोडीला कामाचा गाभा शिकला, ते पुढच्या यंत्रावर चार दिवसांत बसले. जमाखर्च पक्का असलेला माणूस टॅली आठवड्यात शिकतो. फक्त टॅलीची बटणं शिकलेला 2017मध्ये जीएसटी आला तेव्हा अडला, कारण कोणता कर कुठे आणि का बसतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला डेबिट-क्रेडिटची व्याख्या पाठ आहे पण पन्नास ओळींच्या एक्सेल यादीतली बेरीज जुळवता येत नाही, त्याला ऑफिसात पहिल्याच दिवशी घाम फुटतो. दोष त्याचा नसतो. त्याला हात आणि डोकं दोन वेगळ्या इमारतींमध्ये शिकवलं गेलं आहे.

आता तर पत्राचा मसुदा, बैठकीचं टिपण संगणक स्वतःच लिहून देतो. स्टेनोचं अर्धं काम तिथंच गेलं. पण लिहून आलेलं पत्र समोरच्याला पाठवण्याजोगं आहे का, त्यातला आकडा खरा आहे का, तगादा जास्त कडक झाला का, हे ठरवायला माणूस लागतो. मोडीच्या नकला करणारा उमेदवार नेमकं हेच शिकत होता.

म्हणून तुमच्या घरात कुणी बारावीनंतर कोर्स शोधत असेल, तर जाहिरातीतली सॉफ्टवेअरची यादी बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. खऱ्या बिलांवर, खऱ्या नोंदींवर हात बसवून काम करायला मिळतं का? मराठीत आणि इंग्रजीत पत्र लिहून ते कुणी तपासून परत देतं का? आणि एखाद्या ऑफिसात काही महिने बसायला मिळतं का? तिन्हींना ‘हो’ असेल, तर कॉलेज छोट्या गावातलं असलं तरी चालेल. एकालाही ‘हो’ नसेल, तर इमारत कितीही चकचकीत असो, क्लासची दुसरी फी तुम्हाला भरावी लागणार हे धरून चाला.

आणि कॉलेजवाल्या आम्हा मंडळींना एवढंच म्हणेन, उमेदवारी परत आणू या. या वेळी मामा दफ्तरात असण्याची अट नको.

पुढच्या भागात आपण रेल्वेच्या कचेऱ्यांमधून देशभर पसरलेल्या मराठी वस्त्यांबद्दल बोलू. तोवर तुमच्या घरातला पहिला टायपिस्ट, स्टेनो किंवा कारकून कोण होता, ते वडीलधाऱ्यांना जरूर विचारा.