फिटिंगचे पैसे : किर्लोस्करांच्या पंधरा रुपयांपासून आमच्या आठ हजारांपर्यंत

गेल्या दिवाळीत आमच्या घरात एका पावतीवरून बरीच चर्चा झाली. धाकट्या मुलाने मुंबईला जाऊन सायकलचं ‘फिटिंग’ करून घेतलं आणि आठ हजार रुपये मोजले. नवी सायकल नाही, नवं चाक नाही. आहे त्याच सायकलवर त्याला नीट बसवून दिलं, एवढंच. सूनबाई म्हणाली, “आठ हजारात सीट वरखाली?” खरं तर आज साधी काळी सायकल जेवढ्याला मिळते त्याहून ही फी जास्त. मी आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे खर्च तपासले, तेव्हा हा खर्चही तपासून बघावा असं वाटलं. तपासता तपासता बराच मागे गेलो. ते सगळं इथे लिहितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सायकलचा इतिहास आहेच.

पहिली गोष्ट ही की माणसाच्या मापाची सायकल हे नवं फॅड नाही. सायकलचा जन्मच मापाने झाला. पुढचं चाक भलं मोठं आणि मागचं इवलंसं, अशी जुनी सायकल चित्रात पाहिली असेल. तिची पायडलं थेट पुढच्या चाकालाच असत. म्हणून जेवढा लांब पाय, तेवढं मोठं चाक. गिऱ्हाइकाच्या तंगडीचं माप घेऊनच चाक ठरे. १८८५ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन, आणि सीट वरखाली करायची सोय. आजची सायकल तीच. तिथून माप चाकातून निघालं आणि सीटच्या दांड्यात आलं. एकच सायकल दहा जणांना चालू लागली. सोय झाली खरी, पण आपलं माप आपण बघायचं ही जबाबदारीही चालवणाऱ्यावर आली.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी माणसाची. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवत. पुढे लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सगळं त्यांच्या नावावर आहे, पण सुरुवात सायकलच्या दुकानाची. किर्लोस्कर ब्रदर्सचा जन्म १८८८ चा मानला जातो, आणि तो बेळगावातल्या सायकलच्या दुकानात झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. बंधू रामुअण्णा तिथे त्या विकायचे. किंमत ७०० ते १,००० रुपये! त्या काळात एवढ्या पैशांत काय काय येत असेल ते मनात आणून पाहा. गंमत पुढे आहे. सायकल चालवायला शिकवायचे ते वेगळे १५ रुपये घेत.

म्हणजे नुसतं यंत्र विकून भागत नाही, माणूस त्याच्यावर बसता झाला पाहिजे आणि त्या कामाची वेगळी किंमत असते, हे बेळगावच्या त्या दुकानाने तेव्हाच दाखवलं होतं. मी कॉमर्सचा माणूस, लगेच टक्केवारी काढली. ७०० वर १५ म्हणजे जेमतेम २ टक्के. मुलाची सायकल ६०,००० ची, त्यावर ८,००० म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. चर्चेत सूनबाईचा पहिला मुद्दा मी इथेच मान्य केला.

स्वातंत्र्यानंतर सायकल देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागली. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलस, १९५२ मध्ये आसनसोलला सेन-रॅले, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. या हीरोचं नाव पुढे १९८६ मध्ये जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेलं. पण एवढ्या प्रचंड संख्येने निघालेली आपली काळी सायकल मापं देत होती मुख्यतः दोन. २२ इंची फ्रेम आणि २४ इंची फ्रेम. अख्खा देश या दोन मापांत बसवला. बुटका असो, उंच असो, साडी नेसणारी शिक्षिका असो की दहा वर्षांचं पोर. पोरांनी त्यावर स्वतःच तोड काढली. मधल्या दांडीखालून पाय घालायचा आणि कैची मारत हाफ पेडल चालवायचं. भाड्याची सायकल तासावर आणून ढोपरं फोडून घेतली नाहीत असा आपल्या वयाचा माणूस विरळा.

आमचे नाना नंदुरबारकडून सुरतला आले तेव्हा गुजरात वेगळा झालेला नव्हता, मोठं मुंबई राज्य होतं. खोली उधन्याला आणि काम लूमच्या कारखान्यात, सहा किलोमीटर लांब. १९५८ मध्ये त्यांनी नव्वद रुपयांत जुनी सायकल घेतली. ती निघाली २४ इंची. नानांची उंची पाच फूट तीन इंच. सीट पार खाली, दांड्यात रुतवलेली, तरी पायडल तळाला गेलं की नानांचं बूड एकदा डावीकडे घसरायचं, एकदा उजवीकडे. मागून पाहिलं तर माणूस चालल्यासारखाच दिसायचा. मधली दांडी इतकी उंच की दोन्ही पाय टेकून उभं राहणं शक्यच नव्हतं. घरी ओट्यावरून चढायचे, कारखान्याशी एका दगडावरून. वाटेत पोलिसाने डायनॅमोसाठी अडवलं की उडी मारून उतरावं लागे. माय म्हणायची, “तुमची सायकल तुम्हाला चालवते.” विकून २२ इंची घ्या असं लोक सांगायचे, पण बदलीवर वर द्यावे लागणारे वीस-पंचवीस रुपये कधी शिल्लकच पडले नाहीत. नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला मात्र दर वर्षी वेळेवर घेतला. पंचवीस वर्षं तीच सायकल.

नवी सायकल घेणाऱ्याला तेव्हाही फिटिंग मिळत असे. सायकल सुटी यायची आणि दुकानदार ती जोडून, चाकं सरळ करून द्यायचा. मी १९७२ मध्ये बँकेत लागलो. दूधवाले, पाववाले सायकलसाठी कर्ज मागायला यायचे, तेव्हा दुकानदाराच्या कोटेशनमध्ये घंटी, स्टँड, कॅरियर, कुलूप, पंप आणि शेवटी ‘फिटिंग’ अशी वेगळी ओळ असायची. त्याच रकमेत जाणता दुकानदार गिऱ्हाइकालाही बसवून द्यायचा. त्याची पद्धत अशी. सीट बगलेत धरायला लावायची आणि हाताची बोटं मधल्या अॅक्सलला टेकतात का बघायचं. मग कोपर सीटच्या टोकाला लावून बोटं हँडलपर्यंत पोचतात का बघायचं. अंदाजाचंच काम, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं. जुनी सायकल घेणाऱ्या नानांना तेवढंही कोणी केलं नाही.

तिकडे परदेशात हे अंदाज मापात बांधायचं काम चालू होतं. १९६७ मध्ये इंग्लंडात हॅमली आणि थॉमस यांनी प्रयोग करून मांडलं की जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची जी लांबी येते तिच्या १०९ टक्के अंतर सीटपासून तळाला गेलेल्या पायडलपर्यंत असावं, तेव्हा जोर सर्वांत चांगला लागतो. पुढे फ्रान्सच्या सिरिल गिमार आणि अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने दुसरा हिशोब आला. तीच लांबी गुणिले ०.८८३, आणि ते अंतर सीटपासून मधल्या अॅक्सलपर्यंत. आता तर पायडल तळाला असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहावा असं कोनच मोजतात. बेल्जियमचा एडी मर्क्स हा सायकल शर्यतींतला सर्वकाळचा मोठा खेळाडू. १९६९ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये ब्लुआच्या ट्रॅकवर त्याला मोठा अपघात झाला. कंबर नीट बसेना, तेव्हापासून तो सीटची उंची सतत बदलत राहिला, शर्यतीत चालत्या सायकलवरसुद्धा. जगातल्या सर्वांत दमदार पायांनाही चार-दोन मिलिमीटर बोचू शकतात, हे त्याच्यावरून कळतं.

हे एवढं महत्त्वाचं का, तेही आकड्यांत सांगतो. काळ्या सायकलवर पायडलाचा एक फेरा म्हणजे साधारण पाच मीटर. नाना रोज जाऊन-येऊन बारा किलोमीटर, म्हणजे २,४०० फेरे. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७ लाख २० हजार. पंचवीस वर्षांत १ कोटी ८० लाख. चुकीच्या मापाने एका फेऱ्याला गुडघ्याला काहीच कळत नाही, कोटीत कळतं. मुलाचा हिशोबही केला. मिनिटाला ८० फेरे, रविवारी साठ किलोमीटर, म्हणजे अडीच तासांच्या आत साडेअकरा हजार फेरे. वर्षाला पन्नास रविवार धरले तर पावणेसहा लाख. म्हणजे आमचा ‘सायकलिस्ट’ मुलगा, हेल्मेट, गॉगल, सगळं घालून, नानांच्या मागेच आहे! फिटिंगची खरी गरज नानांना होती. उतारवयात त्यांना जिना चढवत नसे. ते सायकलनेच झालं असं कोणी डॉक्टर म्हणाला नाही, मीही म्हणणार नाही. लूमवर उभं राहणंही होतंच. पण सीट फार खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ताण येतो आणि फार वर असली की मागच्या बाजूला दुखतं व कंबर हलते, हे आता सर्वमान्य आहे. नानांचं दोन्हीकडून होतं. सीट खाली, तरी त्यांना ती उंचच.

आता मुलाचं. दुखणं गुडघ्याच्या पुढच्या भागात. दोन वर्षं गोळ्या, पट्टा, फिजिओथेरपी. त्या बिलांची बेरीज मी केली, ती आठ हजारांच्या बरीच वर गेली. मुंबईच्या फिटिंगवाल्याने तीन तास घेतले. पायाची लांबी मोजली, सांध्यांवर खुणा चिकटवल्या, व्हिडिओ काढला. सीट थोडी वर घेतली. बुटाच्या तळाला पायडलमध्ये अडकणारी जी पट्टी असते, क्लीट म्हणतात, ती वाकडी बसली होती. त्यामुळे दर फेऱ्याला गुडघा आत वळत होता. ती सरळ केली. महिन्या-दीड महिन्यात गुडघा शांत झाला. हाताला मुंग्या येतात त्या अजून आहेत, कारण मूळ फ्रेमच एक माप मोठी आहे. सवलतीत मिळाली म्हणून मागवली होती. हँडलजवळचा आडवा तुकडा आखूड लावून थोडं जमवलं, पण फिटिंगवाला स्पष्ट म्हणाला, “घेण्याआधी आला असतात तर फ्रेमच दुसरी सांगितली असती.”

म्हणून माझं मत असं. दुखणं असेल, किंवा लांब पल्ल्याची हौस असेल, तर पैसे वसूल होतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’, सुमारे ४,८०० किलोमीटर, जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने, बारा दिवसांच्या मर्यादेत. अशा वाटेला जाणाऱ्याने आठ हजारांकडे बघू नये. महागडी सायकल घेणार असाल तर फी आधी द्या, सायकल नंतर घ्या. आणि दूध-भाजी आणायला, बागेपर्यंत जायला चालवत असाल तर एक पैसाही देऊ नका. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल तळाला न्या. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि कंबर हलता कामा नये. पाना घेऊन पाच मिनिटांचं काम. आपल्या वयाला हँडल सीटपेक्षा थोडं उंच असलेलं बरं, मानेचे लाड करावे लागतात.

या हिशोबात न बसणारी एक गोष्ट कडोदऱ्यात रोज दिसते. पाळी सुटली की चार रस्त्यावर लूमचे, प्रोसेस हाऊसचे कामगार सायकलींवर निघतात. आपले खानदेशी आहेत, ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे, बिहारचे. जवळजवळ सगळ्यांच्या सीट खाली, गुडघे हँडलला लागतील इतक्या. आमच्या सोसायटीचा रखवालदार साक्रीकडचा, रोज सात किलोमीटरवरून येतो, गुडघे चोळत बसतो. मी पाना काढला, टाच ठेवायला लावली आणि सीट तीन इंच वर घेऊन दिली. चार दिवसांनी पाहतो तर सीट पुन्हा खाली. विचारलं, तर म्हणाला, “काका, गुडघ्याला बरं वाटलं, खोटं नाही बोलत. पण हायवेवर मुंबईचा ट्रेलर अंगावर आला तर पाय पटकन टेकला पाहिजे ना.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून एक इंचावर तडजोड केली. तीन महिने झाले, सीट अजून तिथेच आहे.