शिवरात्रीपुरते उघडणारे दार

नेपाळला जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो व्हिसाचा. उत्तर सोपे आहे. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ असले की पुरे. आधार कार्डावर मात्र विसंबू नये. ते चालते पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीच्या पुढच्या मंडळींना. बाकी बहुतेक देशांच्या प्रवाशांना काठमांडूच्या विमानतळावर पैसे भरून व्हिसा मिळतो. पंधरा दिवसांचे ३० डॉलर, महिन्याचे ५०.

हे सगळे इतके सोपे, की हे दार पूर्वापार असेच सताड उघडे असेल असे आपण धरून चालतो. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात ते आपल्यालाही बंद होते.

१८१४ ते १८१६ या काळात नेपाळचे इंग्रजांशी युद्ध झाले. सुगौलीच्या तहात नेपाळचा बराच मुलूख गेला आणि काठमांडूत इंग्रज रेसिडेंट येऊन बसला. नेपाळी दरबाराने त्याला ठेवून घेतले, पण खोऱ्याबाहेर मोकळेपणी हिंडू दिले नाही. पुढे १८४६ साली जंगबहादूर राणा सत्तेवर आला. त्याच्या घराण्याने शंभरावर वर्षे कारभार केला आणि दाराची कडी आणखी घट्ट लावली. गोऱ्यांना येऊ दिले की त्यांच्यामागून फौज येते, हे शेजारच्या हिंदुस्थानात राणांना रोजच दिसत होते. १८८१ ते १९२५ या चव्वेचाळीस वर्षांत जेमतेम दीडशे युरोपीय माणसे नेपाळात जाऊन आली. आज तेवढी एका विमानातून उतरतात.

आपल्या लोकांना तराईत, म्हणजे सीमेलगतच्या सपाट मुलखात, फारशी अडचण नसे. काठमांडूच्या खोऱ्यात शिरायचे तर परवाना लागे. त्याचे नाव ‘राहदानी’. आजही नेपाळीत पासपोर्टला हाच शब्द आहे. आपल्या पेशवाईच्या कागदपत्रांतल्या ‘राहदारी’ची ती सख्खी बहीण. रक्सौलहून निघालेला वाटसरू भीमफेदीपर्यंत पोचला, की पुढे चिसापानी गढीचा उभा चढ लागे आणि तिथे राहदानी तपासली जाई. खोऱ्यात मोटार न्यायची झाली तर ती सुटी करून हमालांच्या खांद्यांवरून डोंगरापलीकडे नेत. परवाना नसलेल्या माणसाचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

अपवाद एकच, महाशिवरात्र. पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी त्या दिवसांत यात्रेकरूंना मोकळीक असे. दर्शन झाले की ठरल्या मुदतीत परत फिरायचे. एरवी काहीतरी निमित्त हवे. लोकमान्य टिळकांचे सहकारी, नाटककार कृ. प्र. खाडिलकर विसाव्या शतकाच्या आरंभी शस्त्रांच्या खटपटीसाठी नेपाळात राहिले, ते कौलांच्या कारखान्याच्या निमित्ताने!

दार उघडले ते १९५० नंतर. ३१ जुलै १९५० रोजी भारत-नेपाळ मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची आणि ये-जा करण्याची मुभा दिली. गंमत अशी, की नेपाळतर्फे या करारावर सही केली ती शेवटच्या राणा पंतप्रधानाने, मोहन शमशेर यांनी. दुसऱ्याच वर्षी राणांची सत्ता गेली. १९५५ साली परदेशी पर्यटकांचा पहिला गट काठमांडूत उतरला, तो बोरिस लिसानेविच या रशियन हॉटेलवाल्याच्या खटपटीने. पाहुण्या बायका हस्तकलेच्या वस्तू भराभर विकत घेतात हे पाहून राजे महेंद्र यांना पर्यटनातला पैसा दिसला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो-नसो, पैसा खराच होता. १९५६ साली भारताच्या मदतीने झालेला त्रिभुवन राजपथ सुरू झाला आणि चिसापानी गढीची वाट मागे पडली.

ओळखपत्राची कटकट त्यामानाने अगदी अलीकडची. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर विमानाने ये-जा करणाऱ्या भारतीय आणि नेपाळी नागरिकांना ओळखपत्र सक्तीचे झाले. रस्त्याची तऱ्हा वेगळी. मी सोनौलीला कमानीखालून पायी पलीकडे गेलो, तेव्हा मला कोणी नावही विचारले नाही. माझ्यामागच्या मोटारवाल्याला मात्र ‘भन्सार’, म्हणजे जकातीच्या कचेरीत जाऊन गाडीचे रोजचे शुल्क भरावे लागले. माणूस मोकळा, गाडी नाही.

त्या कमानीखाली पर्यटक थोडेच दिसतात. पाठीवर बोचके घेऊन अलीकडे येणारे नेपाळी तरुण पुष्कळ. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत रात्री काठी आपटत फिरणारा गुरखा याच सातव्या कलमाच्या आधाराने आलेला असतो. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे ही सुमारे पावणेदोन हजार किलोमीटरची सीमा बंद झाली. धारचुल्याला नेपाळी मजूर महाकाली नदीच्या अलीकडे अडकून पडले. समोरच्या काठावर त्यांचा देश दिसत होता, मधला पूल बंद होता. काहींनी नदीत उड्या टाकून पलीकडे पोहत जायचा प्रयत्न केला.