हरलेल्या पलटणीच्या बाजूने

फौजी माणूस खेळावर बोलायला लागला की जिंकलेले कप मोजतो. मी आज पलटण हरली ते दोन सामने सांगणार आहे.

पहिला, २९ जुलै १९११, कोलकाता. आयएफए शील्डचा अंतिम सामना. ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटविरुद्ध मोहन बागान. बागानचे दहा खेळाडू अनवाणी. बूट फक्त सुधीर चटर्जींच्या पायात. पहिला गोल गोऱ्यांचा. मग कर्णधार शिबदास भादुरींनी बरोबरी केली आणि अभिलाष घोषांनी दुसरा गोल मारला. २-१.

आता यातली फौजी गोम ऐका. १८५७ नंतर इंग्रजांनी भरतीसाठी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या. त्या यादीत बंगाली नव्हता. तो कारकून, नाजूक, धक्का लागला की पडणारा. आम्हा मराठ्यांना त्या यादीत जागा होती, म्हणून हे धोरण आम्हाला फारसं खुपलं नाही, हेही कबूल करतो. ज्याला बंदूक द्यायची नाही असं ठरवलं होतं, त्याने पलटणीलाच तिच्या खेळात हरवलं. पुढे १९१७ साली ४९वी बंगाली पलटण उभी राहिली. तिचं कारण महायुद्धाची निकड, फुटबॉल नव्हे. पण नाजूकपणाची कथा त्याआधीच फाटली होती.

दुसरा सामना ड्युरंड कपचा. १८८८ साली सुरू झालेली ही स्पर्धा मुळात फौजेसाठीच. ज्यांच्या नावाने अफगाण सीमेची ड्युरंड रेषा आहे, तेच हे मॉर्टिमर ड्युरंड. डिसेंबर १९४० मध्ये दिल्लीत मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ हरवून हा कप नेला. भारतीय नागरी संघाने ड्युरंड जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

पण १९११ चा आनंद इथे पुन्हा दिसत नाही. तेव्हा बागानच्या विजयावर कोलकात्यातले मुसलमानही नाचले होते. १९३४ ते ३८ मोहमेडनने सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकली, तोवर मैदानातली गर्दी धर्माने वाटली गेली होती. आणि १९४० च्या मार्चमध्येच लाहोरचा ठराव झाला होता. गोरी पलटण हरली, पण जिंकलं कोण, याचं उत्तर आता प्रत्येकाचं वेगळं होतं. मला विचाराल तर १९११ पेक्षा हा सामना जास्त अभ्यासण्यासारखा आहे. आपण मात्र पहिल्याचेच गोडवे गातो, कारण तो सोयीचा आहे.

ऐंशीच्या दशकात कॅप्टन असताना मी कोलकात्याच्या मैदानावर एक सामना बघायला गेलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या बाबूंनी विचारलं, तुम्ही कुणाकडचे? बागान की ईस्ट बेंगॉल? मी म्हणालो, दादा, मी फौजेतला, साताऱ्याचा. ते हसले, शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “म्हणजे हरलेल्या बाजूचे!”